नगरधनची राजधानी पाहायची तर किल्ल्याबाहेर या

सर, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. सातवीची मुलं रामटेकजवळच्या नगरधनच्या किल्ल्यात नेली, "ही वाकाटकांची राजधानी" असं सांगितलं आणि एका मुलीनं विचारलं, "मग राजवाडा कुठाय?" गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "सारं जमिनीत हाय." आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. किल्ला खरंच वाकाटकांचा का, राजधानी इथंच होती हे कशावरून, आणि पुढच्या सहलीत मुलांना दाखवायचं काय.

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. किल्ला वाकाटकांचा नाही. आज उभे आहेत ते तट, बुरूज आणि दरवाजा नागपूरकर भोसल्यांच्या काळातले. वाकाटक, म्हणजे विदर्भावर राज्य केलेलं जुनं राजघराणं, त्यांच्या तेराशे वर्षं आधीचे. आतली पायऱ्यांची विहीर आणि तिच्या पोटातलं देवीचं ठाणं मुलांना फार आवडतं, ते जरूर दाखवा. फक्त वाकाटकांची राणी त्या पायऱ्या उतरायची असं सांगू नका. तसं सांगणारे खूप भेटतात.

म्हाताऱ्यांचं उत्तर मात्र अगदी बरोबर आहे, आणि आमच्या पुरातत्त्वाच्या पेशातला माणूसही याहून फार वेगळं सांगणार नाही. आपल्याकडे प्रत्येक जुन्या गावाला काळी असते आणि पांढरी असते. काळी शेताची, पांढरी वस्तीची. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की मातीच्या भिंती पावसात बसतात, त्यांच्यावर नव्या उभ्या राहतात. चुलीची राख, शेण, गुरांचं मूत, कुजलेलं छप्पर, फुटकी गाडगी सगळं तिथंच मुरतं. जमीन राखाडी-पांढरी, भुसभुशीत होते आणि आजूबाजूच्या काळीपेक्षा पुरुष-दोन पुरुष वर येते. सर्वेक्षणाला गावात गेलो की आम्ही आधी देऊळ विचारत नाही, किल्ला विचारत नाही. "पांढर कुठं आहे?" एवढंच विचारतो. खापरं तिथं, मणी तिथं, विटा तिथं.

नगरधनची अडचण अशी की आजचं गावच त्या जुन्या पांढरीवर बसलेलं आहे. लोकांची घरं, गोठे, खळी, देवळं वर, आणि राजधानी खाली. कुणाचं घर पाडून तर खोदता येत नाही. म्हणून उत्खनन करायचं ते मोकळ्या जागेत, वाड्या-परसांच्या मधल्या पट्ट्यांत, मिळेल तेवढ्यात. त्यात वाकाटकांचं नागरी बांधकाम मुख्यतः विटांचं. दगडी वाडा पडला तरी जोतं राहतं. विटांचा वाडा पडला की पुढची पन्नास घरं त्याच्या विटांनी उभी राहतात. विदर्भात कितीतरी गावांत मी जुन्या घरांच्या जोत्यात हातभर लांबीच्या विटा पाहिल्यात. मालकाला विचारलं की तो म्हणतो, "आज्यानं पांढरीतून आणल्या." शिवाय पांढरी माती खत म्हणून शेतात टाकायची, घर सारवायला न्यायची ही रीत होतीच. गाड्याच्या गाड्या भरून इतिहास कापसाच्या शेतात गेला. त्या शेतकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पीक चांगलं यायचं त्यांचं.

आता दुसरा प्रश्न, कशावरून.

मुख्य पुरावा ताम्रपटांचा. वाकाटक राजे गाव दान देत, तेव्हा तांब्याच्या पत्र्यांवर आज्ञा कोरून, कडीत ओवून, मुद्रा लावून दान घेणाऱ्याच्या हाती देत. अक्षरं ब्राह्मीच, पण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी. म्हणून तिला पेटिकाशीर्षक म्हणतात. फळ्यावर काढून दाखवा, मुलं लगेच ओळखायला शिकतात. या पत्रांच्या सुरुवातीलाच आज्ञा कुठून निघाली ते येतं. प्रभावतीगुप्ता या राणीचा जो ताम्रपट पुण्यात उजेडात आला, त्याची सुरुवात भगवंताच्या जयजयकारानं होते आणि पाठोपाठ येतं, ‘स्वस्ति नान्दिवर्धनात्’. म्हणजे कल्याण असो, नंदिवर्धनहून. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या राज्याच्या दुसऱ्या वर्षाचा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातल्या जांबला मिळाला, तोही नंदिवर्धनहून निघालेला. अकराव्या वर्षाचा बेलोऱ्याचा, तोही तिथूनच. हे नंदिवर्धन म्हणजे आपलं रामटेकजवळचं नगरधन, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी मांडलं आणि आज ते बहुतेक सगळे मान्य करतात.

या पुणे ताम्रपटावर थोडं थांबतो, कारण आपल्या मुलींना सांगण्याजोगं त्यात बरंच आहे. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची, म्हणजे पाटलिपुत्राच्या गुप्त सम्राटाची मुलगी. आई कुबेरनागा, नागकुळातली. नवरा वाकाटक दुसरा रुद्रसेन. तो लवकर वारला, मुलं लहान, म्हणून इ. स. 400 च्या आसपास हिनं कारभार हाती घेतला. थोरला युवराज दिवाकरसेन, त्याच्या नावानं ती राज्य चालवत होती. ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे, म्हणजे हा काही चार-सहा महिन्यांचा तात्पुरता कारभार नव्हता. आणि या पत्रात वंशावळ कुणाची? सासरची नाही, माहेरची. आधी गुप्त राजे, मग आपण. गोत्रही ती धारण सांगते, बापाचं. वाकाटकांचं विष्णुवृद्ध गोत्र ती लावत नाही. मुद्रेवर एक श्लोक आहे:

वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः।
जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्॥

वाकाटकांचं भूषण असलेल्या, क्रमानं राज्यलक्ष्मी मिळालेल्या युवराजाच्या आईची ही आज्ञा, शत्रूला वठणीवर आणणारी. ‘आईची आज्ञा’ असं राजमुद्रेवर लिहिणारी राणी आपल्या तालुक्यात होऊन गेली, हे सातवीच्या मुलीला किल्ल्याच्या बुरुजापेक्षा जास्त लक्षात राहील असं मला वाटतं.

या पत्रानं दान दिलेलं गाव दंगुण. मिराशींच्या मते ते आजचं हिंगणघाट. दानाची तिथी कार्तिक शुद्ध द्वादशी, आणि दान आधी भगवंताच्या चरणी निवेदन केलेलं. म्हणजे कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, उपास सोडायच्या दिवशी राणीनं गाव दान केलं. रामटेकला आजही कार्तिकात जत्रा भरते. दोन्हींचा धागा जोडायचा मोह मला होतो, पण मधल्या सोळाशे वर्षांचा पुरावा हाती नाही म्हणून आवरतो.

बराच काळ नगरधनची सगळी मदार अशा बाहेर सापडलेल्या कागदांवर, म्हणजे पत्र्यांवर होती. पुण्याचा पत्रा, जांबचा पत्रा. आक्षेप घेणारा म्हणू शकत होता की खुद्द नगरधनात काय आहे? 2015 ते 2018 या काळात पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य शासनाचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांनी मिळून तिथं उत्खनन केलं, आणि त्यात मातीची एक छोटी मुद्रा मिळाली. लंबगोल, साडेतीन सेंटिमीटर लांब, वजन जेमतेम 6 ग्रॅम. वर ब्राह्मीत प्रभावतीगुप्ताचं नाव आणि शंखाचं चिन्ह. कागदपत्र किंवा गाठोडं बांधून दोरीच्या गाठीवर ओली माती थापायची आणि तिच्यावर ठसा उमटवायचा, आजच्या सरपंचाच्या सही-शिक्क्यासारखाच तो प्रकार. ही मुद्रा एका भल्यामोठ्या भिंतीच्या माथ्यावर मिळाली, आणि ती वास्तू राजवाड्याच्या परिसरातली असावी असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे. तुमच्या विद्यार्थिनीला हे सांगा. राजवाड्याची एक भिंत बहुधा सापडली आहे, आणि तिच्याबरोबर ज्या बाईची सत्ता होती तिचं नावही.

त्याच खोदकामात मातीच्या बांगड्या, काचेची कर्णभूषणं, लोखंडी वस्तू आणि जनावरांची भरपूर हाडं मिळाली. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या, डुक्कर, कोंबडी, घोडा. हाडं म्हणजे कचरा असं समजू नका. त्या काळी ताटात काय होतं आणि गोठ्यात काय होतं हे हाडांवरूनच कळतं, आणि राजांच्या वंशावळीत ते कधी येत नाही.

मला नेहमी वाटतं की राजधानीचा इतिहास आपण उलट्या बाजूनं शिकवतो. राजवाडा, किल्ला, दरबार. पण ही राजधानी जगत कशावर होती? त्याचंही उत्तर ताम्रपटांत आहे, आणि ते विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला समजेल. दान दिलेल्या गावाला कशाकशातून सूट मिळाली त्याची यादी वाकाटक पत्रांत असते. या गावात शिपायांनी घुसायचं नाही. गावकऱ्यांकडून गाई-बैल घ्यायचे नाहीत. फुलं आणि दूध मागायचं नाही. वैरण, बसायला कातडी आणि कोळसा मागायचा नाही. मिठाच्या आणि मद्याच्या हक्कातूनही गाव मोकळं. आता ही यादी उलटी वाचा. ज्या शेकडो गावांना अशी सूट नव्हती, त्यांना हे सगळं द्यावं लागत होतं. राजाचा माणूस दौऱ्यावर आला की दूध, वैरण, बैलजोडी, अंथरायला कातडं, शेगडीला कोळसा. सरकारी साहेब मुक्कामाला आला की गावात कोंबडी कुणी द्यायची यावरून व्हायची ती धावपळ आमच्या आजोबांनी पाहिलेली. नंदिवर्धनचं वैभव उभं होतं ते अशा सूट नसलेल्या गावांच्या गोठ्यांवर आणि कुरणांवर.

अचलपूर तालुक्यातल्या चमकचा ताम्रपट याबाबत फार बोलका आहे. दुसऱ्या प्रवरसेनाच्या अठराव्या वर्षाचा. मधुनदीच्या काठचं चर्मांक गाव, आठ हजार भूमी एवढ्या मापाचं, एक हजार ब्राह्मणांना दान. नावं मात्र एकोणपन्नासांचीच कोरली आहेत. गंमत त्यातल्या अटींत आहे. ही सूट चंद्र-सूर्य असेपर्यंत चालेल, पण कधी? तर दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध द्रोह केला नाही, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार केला नाही, राजाच्या जिवाला अपाय केला नाही, लढाई केली नाही, शेजारच्या गावांवर अन्याय केला नाही तर. यातलं काही केलं आणि राजानं जमीन काढून घेतली तर ती चोरी ठरणार नाही. इतकं सावध दानपत्र मी दुसरं वाचलेलं नाही. धर्माच्या नावानं दिलेल्या जमिनीवर लोक पुढं काय काय करतात, याचा राजाला अनुभव असावा.

हा चमकचा ताम्रपट निघाला तो नंदिवर्धनहून नव्हे, प्रवरपूरहून. म्हणजे अकराव्या आणि अठराव्या वर्षाच्या मधे केव्हातरी प्रवरसेनानं राजधानी हलवली आणि तिला स्वतःचं नाव दिलं. कुठं हलवली यावर वाद आहे. मिराशींनी वर्ध्याजवळचं पवनार सांगितलं. धाम नदीच्या काठी जुनी वस्ती आहे, आणि विनोबांच्या आश्रमात तिथंच जमिनीतून निघालेली शिल्पं ठेवलेली आहेत. भरत-रामाच्या भेटीचं म्हणून विनोबांनी पुजलेलं शिल्प त्यातलंच. दुसरं मत मनसरचं. तिथं 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या उत्खननात टेकडीवर विटांचं प्रचंड मंदिर निघालं, पायथ्याशी वाड्यासारखी वास्तू निघाली, आणि ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरं असलेली मुद्रा मिळाली. प्रवरसेनाच्या नावाचा शंकर तिथं होता, एवढं नक्की. माझा कल मनसरकडे आहे. पवनारची शिल्पं वाकाटक काळातली आहेत यात शंका नाही, पण राजाच्या नावाचा देव आणि वाड्यासारखी वास्तू एकाच ठिकाणी मिळणं ही जास्त वजनाची गोष्ट आहे. परीक्षेच्या पुस्तकात पवनार लिहिलेलं असेल तर मुलांनी तेच लिहावं, गुण जायला नकोत.

मनसर मानलं तर राजधानी हलणं म्हणजे फार लांब जाणं नव्हतं. नगरधन रामटेकच्या दक्षिणेला, मनसर पश्चिमेला, तिन्ही मिळून पाच-दहा किलोमीटरांचा त्रिकोण. जुनी राजधानी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एका तटाच्या आतलं शहर येतं, कारण आपण मोगल आणि मराठ्यांच्या राजधान्या पाहिल्यात. इथं तसं दिसत नाही. कारभार आणि वस्ती नगरधनला, देव रामटेकच्या डोंगरावर, आणि पुढं राजाचं शिवमंदिर मनसरला. तिन्ही ठिकाणं धरून राजधानी समजायची.

यात आई आणि मुलाची एक गोष्टही दडलेली आहे. प्रभावती विष्णुभक्त, स्वतःला ‘अत्यंत भगवद्भक्त’ म्हणवणारी. रामटेकच्या डोंगरावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दगडी मंदिरं, वराहाची भली थोरली मूर्ती, त्रिविक्रमाचे अवशेष हे सगळं वाकाटक काळातलं. केवल नरसिंहाच्या भिंतीवरच्या झिजलेल्या शिलालेखात प्रभावतीचं नाव येतं. मुलगा प्रवरसेन मात्र शिवभक्त. राजधानी प्रवरपूरला गेल्यावरही, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी, आई आपलं दानपत्र काढते ते ‘रामगिरिस्वामीच्या पायांपासून’, म्हणजे रामटेकवरून. हा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला, तेच महानुभावांचं रिद्धपूर. मुलगा राजा, राजधानी त्याच्या नावाची, आणि म्हातारी आई डोंगरावर आपल्या देवापाशी बसून स्वतःच्या नावानं गाव दान करते. मायलेकांत भांडण होतं असं मात्र यावरून काढू नका. तेवढं ताम्रपट सांगत नाहीत.

प्रवरसेनाबद्दल अजून एक. प्राकृतातलं ‘सेतुबंध’ हे काव्य त्याच्या नावावर आहे, आणि त्याचं प्राकृत महाराष्ट्री आहे. संस्कृतात ताम्रपट काढणारा राजा कविता मात्र त्या प्राकृतात करत होता, ज्याच्याशी आपल्या मराठीचं नातं सांगतात. मुलांना हे आवडेल.

कालिदासाचं विचारलं नाहीत, पण रामटेकला गेलात की मुलं विचारणारच. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर राहतो, रामगिरी म्हणजे रामटेक हे मत मिराशींनी हिरिरीनं मांडलं. प्रभावतीच्या ताम्रपटातला रामगिरिस्वामी त्याला बळ देतो. छत्तीसगडातलं रामगढ हाही एक दावेदार आहे. मला रामटेकचं पारडं जड वाटतं. पण कालिदास इथं राहून मेघदूत लिहीत होता, हे त्यातून आपोआप निघत नाही. डोंगराचं नाव काव्यात येणं वेगळं, कवीचं घर इथं असणं वेगळं.

पुढचं भराभर सांगतो. प्रवरसेनानंतर नंदिवर्धनच्या शाखेचे वाईट दिवस आले. नल राजा भवदत्तवर्मानं नंदिवर्धन घेतलं आणि तिथून स्वतःचं दानपत्र काढलं, त्यातलं कदंबगिरी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब मानतात. दुसरा पृथ्वीषेण आपल्याला ‘दोनदा बुडालेल्या वंशाला वर काढणारा’ म्हणवतो, यावरून किती फटके बसले असतील ते समजतं. या काळात पद्मपूर हे ठिकाण राजधानी म्हणून येतं. ते गोंदिया जिल्ह्यातलं आमगावजवळचं पदमपूर, भवभूतीचंही गाव तेच असं मानतात. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्म म्हणजे वाशीमची. तिच्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या काही सर्वोत्तम लेण्यांचं काम झालं, सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याचं. पुस्तकात नंदिवर्धन, प्रवरपूर, पद्मपूर, वत्सगुल्म अशी चार नावं एका ओळीत दिसली की मुलं गोंधळतात. पहिली तीन एका घराची एकामागून एक, चौथं चुलत्यांचं, एवढं सांगितलं की पुरतं.

इ. स. 500 च्या सुमारास वाकाटक संपले, नंदिवर्धन संपलं नाही. खुद्द नगरधनला मिळालेला स्वामिराजाचा ताम्रपट कलचुरी संवत 322 चा, म्हणजे इ. स. 573 च्या सुमाराचा. त्यात हत्ती सांभाळणाऱ्या महामात्रांच्या संघाचा उल्लेख येतो. राजे बदलले, पण हत्तीखाना आणि त्याचे संघटित माहूत होते. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला मिळालेला राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा इ. स. 940 चा ताम्रपट ‘नागपूर-नंदिवर्धन’ या प्रदेशातल्या गावाचं दान नोंदवतो. म्हणजे जवळजवळ अकराशे वर्षांपूर्वीपर्यंत हे नाव निदान प्रदेशाला तरी चिकटून होतं. नंतर वजन सरकत गेलं. देवगडच्या गोंड राजांपैकी बख्त बुलंदशहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आजचं नागपूर वसवलं, भोसल्यांनी तिथं बस्तान बसवलं, आणि नगरधनला उरला तो तुम्ही पाहिलेला किल्ला.

आता सहल. किल्ल्याला तासभर द्या, जास्त नको. मग मुलांना गावात चालवत न्या आणि गावाची जमीन भोवतालच्या शेतांपेक्षा कशी चढत जाते ते पायांनी कळू द्या. पावसाळ्यानंतर नाल्याच्या कापात, घरामागच्या उघड्या बाजूला राखेचे, जळालेल्या मातीचे, खापरांचे थर दिसतात. ते दाखवा, हात लावू देऊ नका. कापातून एखादं खापर उपटलं की ते कुठल्या थरातलं हे कायमचं गेलं, आणि थर गेला की त्या खापराला काही बोलता येत नाही. तिथून रामटेक. गडावर जाताना मुलांना आधी केवल नरसिंहापाशी थांबवा, नाहीतर वर पोचल्यावर माकडं आणि चणे-फुटाणे यांच्यापुढं पाचव्या शतकाचा निभाव लागत नाही. शेवटी मनसर, उतरत्या उन्हात. टेकडीवरच्या विटा मोजायला लावा, एका विटेची लांबी-रुंदी वहीत मांडून घ्यायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीतल्या विटेशी ताडून पाहा.

वस्तू पाहायच्या तर नागपूरचा अजबबंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय. नगरधनजवळच्या हमलापुरीला 1982 साली बुद्धाच्या तीन कांस्यमूर्ती मिळाल्या, त्या तिथं आहेत. शिव आणि विष्णू मानणाऱ्या राजांच्या राजधानीशेजारी बुद्धही पुजला जात होता हे त्यांवरून दिसतं. मनसरची प्रसिद्ध शिवमूर्ती, ढेरपोटी आणि हसरी, मात्र दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचा फोटो आधी दाखवून ठेवा.

जाताजाता एक कामाचं, कारण तुमच्या शाळेत शेतकऱ्यांचीच मुलं आहेत. विदर्भातले कित्येक ताम्रपट शेतात, नांगरताना किंवा पाया खणताना निघालेले आहेत. पुणे ताम्रपट तर अहमदनगरकडच्या (आताचं अहिल्यानगर) एका तांबट घराण्याकडे होता. त्यांनी तो वितळवला असता तर प्रभावतीच्या माहेरच्या गोत्राबद्दल मी आत्ता एवढं लिहू शकलो नसतो. आता ट्रॅक्टर आणि जेसीबी आहेत, नांगराला लागून थांबायची गोष्ट उरली नाही. तरी घरात कुणाला अक्षरं असलेला पत्रा, नाण्यांचं मडकं, मूर्ती मिळाली तर मुलांनी घरी काय सांगावं ते लिहून द्या. निघालेली वस्तू चिंचेनं किंवा राखेनं घासायची नाही, हिरवा थर तसाच राहू द्यायचा. कडी तोडायची नाही, पत्रे सुटे करायचे नाहीत. जागेचा मोबाइलवर फोटो काढायचा, खड्डा बुजवायचा नाही, पुढं खोदायचाही नाही. मग तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या ठेव्यांचा, कायदा अजून लागू आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. "सरकार फुकट घेऊन जातं" या भीतीनं लोक लपवतात. पण त्याच कायद्यात सापडणाऱ्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि सरकारनं वस्तू ठेवून घेतली तर तिच्या धातूची किंमत आणि वर त्या किमतीचा पाचवा हिस्सा द्यावा अशी तरतूद आहे. पैसे मिळायला वेळ लागतो आणि खेटे घालावे लागतात, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा. पोचपावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती वस्तू देऊ नये, मग तो कितीही मोठा साहेब असो किंवा माझ्यासारखा पुरातत्त्ववाला असो.

सहलीचा दिवस सोमवार धरू नका, संग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात.